पन्नास मीटरचा परिच्छेद : टीसाईडमधील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

गेली काही वर्षे मी ईशान्य इंग्लंडमधील एका सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी सकाळी विद्यापीठ प्रवेशाच्या तयारीचा एक छोटा अभ्यासगट चालवते. पेशाने मी औषधनिर्माता आहे, त्यामुळे हे काम आठवड्याच्या सुटीतले आहे. त्या गटातल्या एका मुलीची ही हकीकत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि शाळा, कॉलेज, विद्यापीठ यांची नावे दिलेली नाहीत. मजकूर तिने वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केले आहे. प्रकरण मांडण्याचे कारण असे की, वर्गभेद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तुच्छतेने बोलणारी माणसे येतात. या मुलीच्या वाटेत मात्र अधिक अडथळे तिचे भले चिंतणाऱ्यांनी उभे केले, आणि त्यांत मीही होते.

पार्श्वभूमी

टीज नदीच्या मुखाजवळचा मिडल्सब्रो, स्टॉकटन, रेडकार हा पट्टा टीसाईड म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा भाग लोखंड आणि पोलादावर जगला. १९३२ मध्ये खुल्या झालेल्या सिडनी हार्बर पुलाचे बरेचसे पोलाद इथूनच गेले, हे इथला कोणताही वयस्क माणूस दहा मिनिटांच्या गप्पांत एकदा तरी सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये रेडकारचा पोलाद कारखाना बंद पडला आणि सुमारे २,२०० कामगारांची नोकरी थेट गेली. या मुलीचे वडील त्यांतले एक होते. तेव्हा ती दहा वर्षांची होती. वडिलांनी पुढे दोन वर्षे एका गोदामात काम केले, पण फुप्फुसांच्या जुनाट आजाराने तेही सुटले. आई केअर होममध्ये रात्रपाळीला जाते. घरात एक धाकटा भाऊ आहे.

वडिलांनी अपंगत्वासाठीच्या ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ या भत्त्याचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. या भत्त्याच्या हालचालीच्या भागात माणूस किती अंतर चालू शकतो यावर गुण मिळतात. पन्नास ते दोनशे मीटर चालता येत असेल तर ४ गुण, वीस ते पन्नास मीटरच चालता येत असेल तर ८, आणि भत्ता मिळायला किमान ८ लागतात. वडिलांना ४ मिळाले होते. तपासणीच्या दिवशी ते गाडीतळापासून खोलीपर्यंत चालत गेले होते, एवढ्यावर तो निर्णय झाला होता. फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला.

पंधरा वर्षांच्या या मुलीने मग सरकारी संकेतस्थळावरून मूळ नियम शोधून काढले. एखादी कृती ‘करता येते’ असे म्हणण्यासाठी ती सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता आली पाहिजे, असे त्या नियमांत म्हटले आहे. ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दावर तिचे बोट थांबले. वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतला पोलादी टेप घेऊन तिने दारापासून पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंतचे अंतर मोजले. ते ३१ मीटर भरले. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत ५८ मीटर भरले. पुढचे चौदा दिवस वडील कुठपर्यंत गेले, किती वेळा थांबले, परत आल्यावर किती वेळाने पुन्हा उठू शकले, हे तिने शाळेच्या वहीत तारीखवार लिहिले. चौदा दिवसांत ते पेटीपर्यंत तीनदा पोहोचले होते आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा एकदाही पोहोचले नव्हते. ही वही आणि दोन पानांचे पत्र न्यायाधिकरणाकडे गेले. २०२० च्या शरद ऋतूत, महासाथीमुळे सुनावणी दूरध्वनीवर झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून वडील बोलले आणि ती शेजारी वही उघडून बसली. निर्णय वडिलांच्या बाजूने लागला.

कायदा शिकायचा हे तिने त्या आठवड्यात ठरवले. सप्टेंबर २०२१ मध्ये ती आमच्या गटात आली तेव्हा तिने मला कारण विचारल्यावर एवढेच सांगितले, ‘मला नियम वाचायला आवडतात.’ बाकीचे सगळे मला दहा महिन्यांनी कळले.

अडचण नेमकी कुठे होती

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई आणि अठराव्या वर्षी ए-लेव्हल अशा दोन मोठ्या परीक्षा असतात. विद्यापीठाचा अर्ज मात्र ए-लेव्हलच्या निकालाआधी बरेच महिने करावा लागतो, त्यामुळे शिक्षकांनी वर्तवलेल्या अपेक्षित ग्रेडवर सगळी भिस्त असते. या मुलीच्या तुकडीच्या जीसीएसई परीक्षा २०२१ मध्ये महासाथीमुळे झाल्याच नाहीत. ग्रेड शिक्षकांनी दिल्या. म्हणजे तिने आयुष्यात एकही सार्वजनिक परीक्षा दिलेली नव्हती आणि तिची पारख सर्वस्वी शिक्षकांच्या अंदाजावर होती.

तिचे विषय इंग्रजी साहित्य, इतिहास आणि गणित. जून २०२२ मध्ये कॉलेजने तिच्यासाठी ए, बी, बी असा अंदाज दिला. तिला ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता तिथे ए, ए, ए लागत होते. मार्गदर्शक शिक्षक सज्जन आणि कष्टाळू होते. त्यांनी तिला प्रेमाने समजावले की, आपल्या कॉलेजातून कायद्याला अशा ग्रेड घेऊन आजवर कोणी गेलेले नाही, आणि नकार पचवणे या वयात कठीण असते. २००० साली याच ईशान्य भागातल्या सरकारी शाळेच्या एका हुशार विद्यार्थिनीला ऑक्सफर्डच्या एका कॉलेजने वैद्यकशास्त्राचा प्रवेश नाकारला होता, तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी त्यावर जाहीर टीका केली होती आणि देशभर वाद पेटला होता. ती मुलगी नंतर हार्वर्डला गेली. शिक्षकांनी या गोष्टीचा पूर्वार्ध सांगितला, उत्तरार्ध सांगितला नाही.

‘आजवर कोणी गेलेले नाही’ हे वाक्य मला तेव्हाही खटकले होते, कारण त्याच तर्काची मोठ्या प्रमाणावरची आवृत्ती देशाने दोनच वर्षांपूर्वी पाहिली होती. ऑगस्ट २०२० मध्ये परीक्षा रद्द झाल्यावर ए-लेव्हलच्या ग्रेड एका गणिती सूत्राने ठरवल्या गेल्या आणि त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना वजन होते. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास ग्रेड खाली आल्या. लहान वर्ग असलेल्या शाळांत, म्हणजे बहुधा खाजगी शाळांत, शिक्षकांचा अंदाज बऱ्याच अंशी तसाच राहिला. १३ ऑगस्टला लागलेला तो निकाल १७ ऑगस्टला मागे घ्यावा लागला. सूत्र रद्द झाले, पण माणसांच्या मनातले सूत्र रद्द करण्याची सोय नव्हती.

दुसरी अडचण पैशांची आणि वेळेची होती. ती एका टेकअवेमध्ये आठवड्याला चौदा तास काम करत होती. त्या वर्षी अठराखालील मुलांसाठी किमान वेतन ताशी ४.८१ पौंड होते, म्हणजे आठवड्याला ६७ पौंडांच्या थोडे वर. २०२२ मध्ये विजेचे दर चढल्यावर ही रक्कम घरातल्या प्रीपेड मीटरमध्ये जात असे. सोळा ते अठरा वयाच्या गरजू विद्यार्थ्यांना पूर्वी आठवड्याला ३० पौंडांपर्यंत मिळणारा शिक्षण भत्ता इंग्लंडमध्ये २०११ पासून बंद आहे आणि त्याऐवजी कॉलेजच्या हाती एक मर्यादित निधी आहे. मोफत जेवणासाठी तेव्हा कुटुंबाची वर्षाची निव्वळ कमाई ७,४०० पौंडांच्या आत असावी लागे. आईची कमाई त्याहून जास्त होती. गरीब म्हणून नोंद होण्याइतके हे घर गरीब नव्हते, हा भाग बाहेरच्यांना समजावून सांगणे फार अवघड जाते.

तिसरी अडचण बोलण्याची. ती आईला ‘मॅम’ म्हणते, दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’. एका विद्यापीठाच्या खुल्या दिवशी, म्हणजे भावी विद्यार्थ्यांना विद्यापीठ पाहू देण्याच्या दिवशी, तिने जेवणाची चौकशी केली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका पालक बाईंनी हसून तिचा उच्चार पुन्हा करून दाखवला आणि ‘इथपर्यंत आलीस, कौतुक आहे हं’ असे म्हटले. त्या बाईंचा हेतू वाईट नसावा. त्या दिवसानंतर ती गटात बोलताना शब्द निवडून बोलू लागली, आणि निवडून बोलताना तिचे विचार अर्धे होत. ‘आनि’, ‘पानी’ म्हटल्याबद्दल वर्गात हशा झेललेल्या मराठी वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

समोर असलेले पर्याय

जुलै २०२२ मध्ये आम्ही वाचनालयातल्या टेबलावर चार पर्याय मांडले. तिचे वडीलही त्या दिवशी आले होते. जिना चढून आल्यावर त्यांना बोलायला पाच मिनिटे लागली.

पहिला पर्याय घरी राहून जवळच्या विद्यापीठात शिकण्याचा होता. खर्च कमी, नोकरी चालू, भावाकडे लक्ष. कॉलेजचा कल इकडे होता. दुसरा पर्याय सॉलिसिटर अप्रेंटिसशिपचा, म्हणजे एखाद्या वकिली फर्ममध्ये पगारावर काम करत सहा वर्षांत सॉलिसिटर होण्याचा. ही वाट २०१६ पासून खुली आहे, शुल्क लागत नाही आणि कर्जही होत नाही. वडिलांना हीच वाट पटली होती, कारण शिकाऊ उमेदवारी हा शब्द त्यांच्या ओळखीचा आणि मानाचा होता. मलाही ती वाट कमी प्रतीची वाटत नाही. अडचण अशी होती की त्या वर्षी टीसाईडमध्ये अशा जागा अगदी थोड्या होत्या आणि मोठ्या शहरातल्या जागेसाठी घरभाडे पगारातून निघण्यासारखे नव्हते.

तिसरा पर्याय ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एक आणि सोबत आणखी चार विद्यापीठे असा पाच जागांचा पूर्ण अर्ज करण्याचा होता. चौथा पर्याय निकाल हातात आल्यावर एक वर्ष थांबून अर्ज करण्याचा. त्यात अंदाजाचा प्रश्नच मिटला असता. पण त्या घरात ‘एक वर्ष थांबणे’ याचा अर्थ पूर्ण वेळ नोकरी असा होतो, आणि तशी नोकरी एकदा लागली की पुन्हा सुटत नाही, हे तिने स्वतःच सांगितले.

वडिलांची खरी भीती कर्जाची होती. दारावर येऊन हप्ता वसूल करणाऱ्या सावकारी कंपन्यांचा अनुभव त्यांच्या पिढीने घेतलेला आहे. २०१६ पासून इंग्लंडमध्ये निर्वाहासाठीचे अनुदान बंद होऊन सगळे कर्जरूप झाले. तेव्हा वर्षाचे शुल्क ९,२५० पौंड होते आणि २५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, लंडनबाहेर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वर्षी मिळणारे निर्वाह कर्ज ९,७०६ पौंडांपर्यंत. तीन वर्षांचा आकडा कागदावर पाहून वडील गप्प झाले. परतफेड वर्षाला २५,००० पौंडांहून अधिक कमावल्यावरच, त्यावरच्या रकमेच्या नऊ टक्के, आणि चाळीस वर्षांनी उरलेले माफ, असे हे कर्ज आहे. मुलीने ते वडिलांना समजावले तेव्हा त्यांनी विचारले, ‘पोरी, हे लिहून कुठे आहे?’ तिने नियम काढून दाखवला. मग ते तिसऱ्या पर्यायाला हो म्हणाले.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय अंदाजाला आव्हान देण्याचा होता. आई रात्रपाळी संपवून सकाळी साडेआठला थेट कॉलेजात गेली. शिक्षक नम्रपणे बोलले, त्यांनी आलेख दाखवला, आणि आई ‘तुम्हाला जास्त कळते’ असे म्हणून परत आली. घरी आल्यावर ती रडली, हे मुलीने मला सांगितले. सुशिक्षित घरातले पालक अशा वेळी दुसऱ्यांदा जातात, ईमेल लिहितात, विषयाच्या शिक्षकाला वेगळे भेटतात. अंदाज हा वाटाघाटीचा विषय असतो हे त्यांना ठाऊक असते. या आईने तो डॉक्टरांच्या अहवालासारखा घेतला.

मुलीने मग वडिलांच्या वेळी केले होते तेच केले. दोन वर्षांपूर्वीचे पत्र समोर ठेवून त्याच बांधणीचे नवे पत्र तिने लिहिले. इतिहासाच्या सात निबंधांचे गुण तारखांसह, गणिताच्या कोणत्या चाचणीआधीच्या आठवड्यात टेकअवेमध्ये जादा पाळी केली होती त्याची नोंद, आणि शेवटी एक विनंती, की सप्टेंबरमध्ये पुन्हा चाचणी घेऊन त्यावर निर्णय द्यावा. पत्रात तक्रारीचा एक शब्द नव्हता. कॉलेजने चाचणी घेतली आणि अंदाज ए, ए, ए असा बदलला. शिक्षकांनी मोकळेपणाने सांगितले की असे लेखी निवेदन त्यांच्याकडे याआधी कोणी दिलेले नव्हते.

दुसरा निर्णय तासांचा. सप्टेंबरपासून तिने टेकअवेचे काम चौदावरून सहा तासांवर आणले, आणि कॉलेजच्या निधीतून प्रवास व पुस्तकांची मदत मिळाली. तरी आठवड्याला जवळजवळ चाळीस पौंडांची तूट राहिली. ती आईने महिन्यात दोन जादा रात्री घेऊन भरली. या निर्णयाची किंमत कोणी चुकवली हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

तिसरा निर्णय माझा होता आणि तो चुकला. अर्जासोबत चार हजार अक्षरांचे एक निवेदन द्यावे लागे, ज्यात विषयाची ओढ का आहे हे सांगायचे असे. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती की, माझ्या घराच्या दारापासून दिव्याचा खांब ३१ मीटरवर आहे आणि पोस्टाची पेटी ५८ मीटरवर, आणि या दोन आकड्यांमध्ये कायदा काय असतो ते मला प्रथम कळले. तेव्हाच मला ती सगळी हकीकत समजली. वाचून मी अस्वस्थ झाले. सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांविषयी या देशात किती कडवट बोलले जाते हे मी दुकानाच्या काउंटरवर रोज ऐकत होते. वाचणाऱ्याला ती दया मागते आहे असे वाटेल, वडिलांचे नाव खराब होईल, विद्यापीठाला बौद्धिक कुतूहल हवे असते, असे मी तिला सांगितले. तो परिच्छेद काढून त्याजागी न्यायव्यवस्थेवरच्या एका लोकप्रिय पुस्तकाविषयीचा परिच्छेद घालायला सुचवले. ते पुस्तक मीच तिला आणून दिले. तिने एकदाच विचारले, ‘पण हे तर कोणीही लिहील ना?’ मी म्हटले, सुरक्षित आहे. तिने माझे ऐकले. ज्या मुलीने सरकारी खात्याचे ऐकले नाही आणि कॉलेजचे ऐकले नाही, तिने माझे ऐकले, कारण मी तिच्या बाजूची होते.

पुढची पायरी एलनॅट नावाची कायद्याची प्रवेश परीक्षा. ९५ मिनिटांत ४२ प्रश्न आणि मग ४० मिनिटांत एक निबंध. शुल्कमाफी मिळाली. उताऱ्यातल्या वाक्याचा नेमका अर्थ ओळखण्याच्या या परीक्षेला ती न घाबरता सामोरी गेली.

डिसेंबर २०२२ मध्ये मुलाखती ऑनलाइन होत्या. घरच्या इंटरनेटचा भरवसा नव्हता आणि वडिलांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येई, म्हणून कॉलेजने एक खोली दिली. आधीच्या शनिवारी मी सराव घेतला होता. ‘बागेत वाहने आणू नयेत’ असा नियम असेल तर लहान मुलाची तीनचाकी आणता येईल का, हा कायद्याच्या अभ्यासातला जुना आणि प्रसिद्ध प्रश्न मी विचारला, आणि तिने नियमाचा हेतू, शब्द आणि अंमलबजावणी करणारा माणूस या तिन्ही अंगांनी सुरेख उत्तर दिले. प्रत्यक्ष मुलाखतीत मात्र पहिली आठ-नऊ मिनिटे निवेदनातल्या त्या पुस्तकावर गेली. ते तिने वाचले होते, पण तिचे झाले नव्हते. नंतर एका प्राध्यापकांनी विचारले, शब्द स्पष्ट असूनही अन्याय करणारा नियम तुमच्या पाहण्यात आला आहे का? तिच्या जिभेवर पन्नास मीटर आले होते. ते सांगायचे नसते, असे तिला वाटले, कारण मी ते खोडले होते. तिने वर्तमानपत्रातले एक उदाहरण दिले.

निकाल

जानेवारी २०२३ मध्ये त्या विद्यापीठाचा नकार आला. नकाराचे कारण निवेदन होते असा दावा मी करणार नाही. तिथे एका जागेसाठी अनेक तयारीचे विद्यार्थी असतात. इतर चारपैकी तीन विद्यापीठांनी जागा देऊ केल्या. त्यांतल्या एका नावाजलेल्या विद्यापीठाने, तिचा पत्ता ज्या भागात येतो तिथून फार थोडी मुले उच्च शिक्षणाला जातात हे लक्षात घेऊन, नेहमीपेक्षा कमी म्हणजे ए, ए, बी ही अट घातली. मोफत जेवणाच्या यादीत नसल्याने हुकलेली नोंद तिला पिनकोडने मिळवून दिली.

१७ ऑगस्ट २०२३ ला निकाल लागला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ग्रेड महासाथीपूर्व पातळीवर आणल्या गेल्या होत्या. ए आणि त्यावरच्या ग्रेडचे इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळूनचे प्रमाण आदल्या वर्षीच्या ३६.४ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर आले. तिला इंग्रजीत ए, इतिहासात ए आणि गणितात बी मिळाले. अट पूर्ण झाली. शिक्षकांचा पहिला अंदाज एका ग्रेडने कमी होता आणि सुधारलेला एका ग्रेडने जास्त. दोन्ही अंदाज एकेका ग्रेडने चुकले, पण पहिली चूक तिला न विचारता तिच्या नावावर लागली होती आणि दुसऱ्या चुकीची जोखीम तिने समजून घेतली होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

विद्यापीठातले पहिले सत्र कठीण गेले. देशात खाजगी शाळांत शिकणारी मुले साधारण सात टक्के असली तरी तिच्या चर्चावर्गात ती निम्म्याहून अधिक होती. एका सहाध्यायाने तिच्या उच्चारांची नक्कल करण्याचा रोजचा खेळ केला. नोव्हेंबरपर्यंत तिने वर्गात बोलणे थांबवले. तक्रार करावी का, म्हणून तिने विद्यापीठाची छळविरोधी नियमावली आणि २०१० चा समानता कायदा वाचला. त्या कायद्यात नऊ संरक्षित बाबी आहेत. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग वगैरे. सामाजिक वर्ग त्यांत नाही. सार्वजनिक संस्थांनी सामाजिक-आर्थिक विषमतेचा विचार करावा असे सांगणारे पहिलेच कलम स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून आणि वेल्समध्ये २०२१ पासून लागू आहे, इंग्लंडमध्ये नाही. तिने हे मला फोनवर सांगितले तेव्हा मी तिला याच कायद्यातली जातीविषयीची गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये संसदेने जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले आणि २०१८ मध्ये सरकारने कायदा न करता न्यायालयीन निवाड्यांवर विसंबून राहण्याचे जाहीर केले. ती बराच वेळ त्याविषयी प्रश्न विचारत राहिली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिचा आवाज पूर्वीसारखा झाला.

औपचारिक तक्रार तिने केली नाही. वर्गाच्या प्राध्यापिकेला भेटून तिने सांगितले की बोलताना मला अडवले जाते. प्राध्यापिकेने नाव न घेता बोलण्याचा क्रम ठरवून दिला, आणि नक्कल थांबली. दुसऱ्या वर्षी ती विद्यापीठाच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात रुजू झाली. तिथे येणाऱ्यांत भत्ते नाकारलेल्यांची संख्या मोठी असते. पर्यवेक्षक वकिलांनी नव्या स्वयंसेवकांना नियमातला ‘पुन्हा पुन्हा’ हा शब्द समजावण्याचे काम तिच्याकडे दिले आहे.

वेगळे काय करता आले असते

मी स्वतःपासून सुरुवात करते. तो परिच्छेद काढायला लावताना मी बाहेरच्या पूर्वग्रहापासून तिला वाचवत होते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो पूर्वग्रह मी आधीच खरा धरला आणि त्याच्या वतीने लाल रेघ मारली. मी एखाद्या कायद्याच्या प्राध्यापकाला किंवा वकिलाला मसुदा दाखवायला हवा होता. वाचनालयातून अशी ओळख मिळवणे अवघड नव्हते. नंतर एका वकील बाईंना तो मूळ मसुदा मी, तिच्या परवानगीने, दाखवला. त्यांनी पहिला परिच्छेद दोनदा वाचला आणि विचारले की हा पाठवला का नाही. या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. वडिलांना मी काहीच विचारले नव्हते. ते आता म्हणतात, ‘माझी त्याला कधीच हरकत नसती. ती केस आम्ही जिंकलो होतो.’

कॉलेजच्या बाबतीत, अंदाज देताना तो कशावर आधारलेला आहे आणि त्यावर फेरविचार कसा मागायचा हे लेखी सांगितले गेले असते तर एका आईची सकाळ वाचली असती. मार्गदर्शक शिक्षकांशी मी यावर सविस्तर बोलले. त्यांनी बचाव केला नाही. दरवर्षी नकार घेऊन आलेल्या मुलांची समजूत त्यांनाच घालावी लागते, आणि त्या अनुभवातून त्यांची सावधगिरी आली आहे, हे मला मान्य आहे. तरी नकार सोसायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क मुलीचा होता.

तासांच्या निर्णयाबद्दल आमच्यात अजून मतभेद आहे. तिला वाटते की काम वर्षभर आधी कमी केले असते तर गणितात ए मिळाला असता. तिच्या आईला वाटते की मग त्या हिवाळ्यात घर गरम राहिले नसते. दोघींचे म्हणणे बरोबर आहे, आणि कॉलेजच्या निधीची माहिती आम्हाला ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच मिळवता आली असती, ही चूक पुन्हा माझ्याकडेच येते.

आता गटात मी पहिल्या मसुद्याला हात लावत नाही. विद्यार्थ्याने तो मोठ्याने वाचायचा आणि मी फक्त प्रश्न विचारायचे, असे ठरले आहे. कॉलेजने अंदाजाच्या फेरविचारासाठी एक पानाचा फॉर्म सुरू केला आहे आणि पालकांच्या भेटीसाठी संध्याकाळी पाचची वेळ ठेवली आहे, म्हणजे रात्रपाळीला जाणारे पालक झोप पूर्ण करून, कामावर निघण्याआधी येऊ शकतात. या वर्षी आमच्या गटातल्या चौघांनी तो फॉर्म भरला. दोघांचे अंदाज बदलले, दोघांचे तसेच राहिले, आणि न बदललेल्यांपैकी एकीने तरीही आपल्याला हवा होता तिथेच अर्ज पाठवला आहे.